शेंदूरकाकांचं टेबल

"थांब, थांब, अरे थांब! डावं लिंबू तसंच आहे!"

हा आवाज इतका खणखणीत होता की रस्त्यापलीकडच्या डेअरीचा मालक दुधाची बाटली हातात घेऊन दारात आला, पूजेच्या ताटातलं निरांजन विझलं, आणि माझं आठ सिलिंडरांचं इंजिनसुद्धा क्षणभर दचकलं. यातला डेअरीवाला आणि निरांजन खरं आहे. इंजिनाचं मी आत्ता घातलं. माझी ती सवय आहे, ती ऑकलंडमधल्या सगळ्या मराठी मंडळींना ठाऊक आहे, आणि म्हणूनच ही गोष्ट मी आजवर पन्नास पार्ट्यांत सांगूनही कुणी मला पुढचं विचारलं नाही. मी दरवेळी लिंबापाशीच थांबत आलो. पुढचं आज सांगतो.

दसरा होता. माउंट रॉस्किल या उपनगरातल्या एका हॉलमागच्या गवतावर आमच्या गाड्या पूजेसाठी ओळीनं उभ्या होत्या. सगळ्या चंदेरी, सगळ्या जपानी, सगळ्या अत्यंत समंजस. त्यांच्यात माझी पिवळीधमक, सत्तरच्या दशकातली ऑस्ट्रेलियन व्ही-एट म्हणजे मुंजीच्या पंगतीत येऊन बसलेला पैलवान. चाकांखाली लिंबं ठेवायची, नारळ फोडायचा आणि गाडी हळूच पुढे घेऊन लिंबं चिरडायची, एवढाच विधी. बाकीच्यांनी तो हळूच केला. मला हळूच काही येत नाही. मी क्लच सोडला, पाय दाबला, आणि मागचं उजवं चाक गरागरा फिरलं. ओलं गवत, चिखल आणि लिंबाचा रस असं तीर्थ तीन रेशमी साड्यांवर उडालं, चाकानं स्वतःपुरती विहीर खणली, आणि गाडी तसूभर हलली नाही. डाव्या चाकाखालचं लिंबू हळदकुंकवासकट शांत बसून होतं.

ओरडणारे गृहस्थ साठीकडे झुकलेले, बुटके, नव्या झब्ब्यावर हातानं विणलेला स्वेटर आणि पायात जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला. त्यांनी कुणाला काही न विचारता त्या चिखलात सरळ लोटांगण घातलं आणि डोकं गाडीखाली घातलं. त्यांची मुलगी "बाबा, झब्बा!" म्हणेपर्यंत ते बाहेरही आले होते, आणि हसत होते.

"एकटांगी आहे," ते मला म्हणाले. "एवढा मोठा पैलवान आणि उभा एका पायावर. डिफ उघडा आहे तुझा. घेऊन ये बुधवारी."

हे आमचे शेंदूरकाका.

काका मूळचे सांगलीकडचे. तिथं त्यांनी तीस वर्षं सरकारी बसच्या वर्कशॉपात एकच काम केलं: डिफ उघडायचा, डिफ बांधायचा. डिफ म्हणजे गाडीच्या मागच्या दोन चाकांच्या मधोमध असतो तो लोखंडी भोपळा. इंजिनाची ताकद त्याच्या पोटात येते आणि तिथून दोन्ही चाकांना वाटली जाते. मुलगी फार्मसिस्ट होऊन न्यूझीलंडला आली, मागोमाग काका-काकूंना घेऊन आली, आणि पहिल्या महिन्यातच काकांनी बसच्या खिडकीतून एक गॅरेज पाहिलं, ज्याच्या दाराशी सात डिफ उघडे पडले होते. ते पुढच्या स्टॉपला उतरले आणि चालत मागे गेले. काकांचं इंग्रजी तेव्हा चाळीस शब्दांचं होतं. गॅरेजच्या मालकाचं, ग्रॅहमचं, बोलणंही दिवसाकाठी तेवढंच असे. दोघांचं उत्तम जमलं. दोन वर्षांत काकांचं इंग्रजी होतं तिथंच राहिलं, पण ग्रॅहम गॅरेजच्या दुसऱ्या टोकावरून "झालं?" असं विचारायला शिकला.

शेंदराचं असं. डिफमध्ये एक मोठं दातेरी चाक असतं आणि त्याला फिरवणारा एक लहान गिअर. दोघांचे दाते एकमेकांना नेमके कुठे टेकतात यावर त्या डिफचं सगळं आयुष्य ठरतं. ते बघायला दात्यांना रंग लावतात, चाक फिरवतात, आणि रंग जिथे पुसला गेला तो ठसा वाचतात. इथले लोक त्यासाठी ट्यूबमधला पिवळा मलम वापरत. काका शेंदूर वापरत, जवसाच्या तेलात कालवलेला, वर्कशॉपातल्या जुन्या रिवाजाप्रमाणे. त्याचा डबा त्यांनी सांगलीहून आणला होता. ऑकलंडच्या विमानतळावर, जिथे माणसाच्या बुटाच्या तळव्याला लागलेल्या मातीचीही चौकशी होते, तिथे अधिकाऱ्यानं डबा उघडून विचारलं, हे खायचं आहे का. काका म्हणाले, "नो. गॉड अँड गिअर." अधिकाऱ्यानं तीन वरिष्ठांना बोलावलं. मी पार्टीत सात सांगतो.

शेंदूर लावलेले दाते काका ज्या तऱ्हेनं न्याहाळत, तसं मी एखाद्या ज्योतिषालाही पत्रिका न्याहाळताना पाहिलं नाही. चष्मा कपाळावर, जीभ दातांत, हात मागे बांधलेले. "हा दाताच्या टोकाला खातोय. वर्षभरात रडायला लागेल," असं म्हणून ते कागदाइतकी पातळ चकती आत सरकवत आणि पुन्हा शेंदूर. मनासारखा ठसा आला की मागचं झाकण बसवण्याआधी त्याच्या आतल्या बाजूला करंगळीनं एक टिळा ओढत. तो वाळून असा घट्ट बसे की तेलातही जात नसे. कुणी विचारलं तर म्हणत, "बाहेर नाव लिहून काय करायचं. जो उघडेल त्याला कळलं म्हणजे झालं." आणि कळे. ऑकलंडच्या दक्षिणेकडल्या कुठल्याही गॅरेजात डिफ उघडला आणि आत लाल टिळा दिसला, की मेकॅनिक झाकण परत लावून सांगे, दुखणं दुसरीकडे शोधा.

मी बुधवारी गाडी घेऊन गेलो. गॅरेजात एकच मोठी खिडकी होती, आणि तिच्याखाली काकांचं टेबल. लोखंडी, चारी पायांनी जमिनीत पक्कं केलेलं, वर एक पुसायचं फडकं घडी करून ठेवलेलं. त्या फडक्यावर चुकून कोपर टेकवलं म्हणून मी पहिली शिवी खाल्ली. दुसरा कुणी त्या टेबलाला हात लावत नसे. ग्रॅहमसुद्धा चहाचा मग ठेवण्याआधी बघून घेई. जाताना काका मला हळूच म्हणाले, "मंदार, जावयाच्या घरात राहतो मी. जावई देवमाणूस आहे. तरी सकाळी संडासाला जाताना पण वाटतं, कुणाची अडचण तर करत नाही ना. इथं आलो की हे टेबल माझं." त्या वेळी मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. माझं लक्ष गाडीखाली होतं.

काका शिकवत ते पंगतीच्या भाषेत. "हा तुझा उघडा डिफ आहे ना, हा भोळा वाढपी. दोन्ही ताटांत सारखंच वाढतो, पण ज्याला भूक नाही त्याच्या मापानं. उजवं चाक चिखलात, त्याला पकड नाही, ते म्हणतं मला घासभर पुरे. मग डाव्याला पण घासभरच. ते जमीन धरून बसलंय, खाऊ शकतंय, पण देतो कोण? तुझं इंजिन दोनशे माणसांचा स्वयंपाक करतंय आणि पंगतीत दोन घास गेले." मी विचारलं, मग असा डिफ करतातच कशाला. काकांनी फडकं उचललं, घडी मोडली, पुन्हा घातली. "वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त चालावं लागतं. दोघांना एकमेकांपासून सुटं राहावंच लागतं, नाहीतर भांडतात. सगळं धरून ठेवायचं नाही, सगळं सोडायचं पण नाही. मी आत क्लचच्या चकत्या बसवतो. थोडं धरेल, थोडं सोडेल."

गिअरिंगवरून मात्र आमचं वाजलं. माझ्या गाडीत मागचं प्रमाण तीनच्या थोडं वर होतं. म्हणजे इंजिनाकडून येणारा दांडा तीन वेळा फिरला की चाक एकदा फिरणार. मला सव्वाचार हवं होतं. आकडा जितका मोठा तितका चाकापाशी जोर जास्त, तितकं टायर लवकर सुटतं, धूर जास्त. काकांनी मला विचारलं, "राहतोस कुठं?" फ्लॅट बुशला. "कामाला?" शहरात. "म्हणजे रोज मोटरवेनं. सव्वाचारनं तुझं इंजिन सकाळी ऑफिसात पोचेपर्यंत केकाटून केकाटून घसा बसवून घेईल. तुला गाडी पळवायची आहे का ओरडवायची?" मी खरं उत्तर दिलं नाही. त्यांनी साडेतीन बसवलं. वर म्हणाले, "आणि एक ध्यानात ठेव. फिरणारं टायर म्हणजे जिंकलेलं टायर नव्हे. हरलेलं. जमिनीशी कुस्ती हरलं म्हणून नाचतंय."

गाडी काय झाली म्हणून सांगू. पाय दाबला की दोन्ही चाकं एकदम जमीन पकडत आणि माझी मान सीटच्या मागे जाऊन पडे. फ्लॅट बुशमधल्या त्या नव्याकोऱ्या, चिडीचूप रस्त्यांवर मी लोकांचे पडदे हलवले. बायको, मेघना, हॉस्पिटलात नर्स; तिला गाड्यांचा तिटकारा, आणि माझ्या थापांचा त्याहून जास्त. पण काकांबद्दल तिला भारी विश्वास. "त्या माणसानं हात लावलाय ना, मग बसते," असं म्हणून ती आमच्या पाच वर्षांच्या ईशाला मागच्या सीटवर बांधी आणि पुढे बसे.

मी सुखात होतो तो एका रविवारपर्यंत. ऑकलंडच्या दक्षिणेला, पुकेकोहे गावाच्या अलीकडे एका शेतकऱ्यानं सिमेंटचा चौथरा बांधून दिला होता, तिथे आमच्यासारखे वेडे टायर जाळायला जमत. जागच्या जागी चाकं फिरवायची, धूर करायचा, आणि मागे जमिनीवर उमटलेले काळे पट्टे मोजायचे. माझेही दोन पट्टे उमटले. पण एकानं वाकून बघितलं आणि म्हणाला, "तुझा डावा जरा फिकट आहे, मेट."

फिकट. तो शब्द मी आठवडाभर डोक्यात घेऊन हिंडलो. त्या माणसाच्या गाडीचा डिफ आतून वेल्ड केलेला होता. आतले लहान गिअर एकमेकांना डागून टाकायचे, म्हणजे दोन्ही चाकं कायमची एक. पट्टे सारखे, शाईनं आखल्यासारखे.

मी काकांकडे गेलो. त्यांनी ऐकून घेतलं, हातातला पाना टेबलावर ठेवला, आणि आवाज न चढवता म्हणाले, "शर्यतीच्या गाडीला चालतं. रस्त्यावरच्या नाही. ऐक नीट. उघड्या डिफमध्ये एक चाक फिरतं तेव्हा दुसरं गाडीची शेपटी धरून बसलेलं असतं. वेल्ड केलास की दोन्ही एकदम सुटणार. मग शेपटी धरायला कोण? पावसात वळणावर पाय जड पडला तर तुझी गाडी तुला तुझंच ढुंगण दाखवेल. मी करणार नाही. आणि माझं झाकण उघडून दुसऱ्या कुणी केलेलं पण मला चालायचं नाही."

"नाही करत काका," मी म्हणालो. "शप्पथ."

त्याच दिवशी त्यांनी मला आणखी एक गोष्ट सांगितली, आणि सांगताना ते लाजले. ग्रॅहमचे गुडघे गेले होते. नाताळनंतर डिफचं सगळं काम तो काकांच्या हवाली करणार होता, आणि दाराबाहेरच्या पाटीवर त्यांचं नाव रंगवून घेणार होता. काकांनी आपलं नाव इंग्रजीत कसं लिहायचं ते मला एका कागदावर तपासायला दिलं. मी स्पेलिंग तपासून दिलं.

पंधरा दिवसांनी, एका शनिवारी दुपारी, मेघना ड्युटीवर असताना मी भाड्यानं वेल्डिंग मशीन आणलं. माझ्याच गॅरेजात गाडी स्टँडवर चढवली, मागचं झाकण काढलं, तेल बादलीत सोडलं. झाकणाच्या आत तो टिळा होता. झाकण मी उलटं करून ठेवलं, टिळा जमिनीकडे. मग आतले चार लहान गिअर मी जमतील तसे डागले. माझं वेल्डिंग म्हणजे कावळ्यानं झाडावरून केलेली नक्षी. झाकण परत लावलं, नवं तेल भरलं, अंघोळ केली. रविवारी पट्टे सारखे आले. सारखे, काळे, सुंदर. मी त्यांचा फोटोही काढला.

महिन्याभरानं, भर पावसाच्या सकाळी, आम्ही तिघं पुकेकोहेला भाजी आणायला निघालो होतो. गावाबाहेरचा राउंडअबाउट. गाडी वळायला तयार नव्हती, आतलं चाक फरपटत चिरकत होतं. काका म्हणाले होते तशी दोन्ही चाकं भांडत होती. मेघना म्हणाली, "कसला आवाज येतोय?" मी म्हणालो, "कसलाच नाही," आणि आवाज बुडवायला पाय दाबला. दोन्ही चाकं एकाच क्षणी सुटली. गाडी स्वतःभोवती दोनदा फिरली. या दोनदाला मी कधी चारदा केलं नाही. शेपटी रस्त्याकडेच्या एका भाजीच्या मांडवावर आपटली. मांडवात माणूस नव्हता, नुसती पैसे टाकायची पेटी होती, हे आमचं नशीब. कांदे आणि भोपळे रस्ताभर लोळले.

मागून ईशाचा आवाज आला, "डॅड, कॅन वी डू इट अगेन?" मेघनानं मागे वळून तिच्या मानेवरून, खांद्यांवरून, गुडघ्यांवरून हात फिरवला. दोनदा फिरवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "काकांनीच बांधलाय ना डिफ?"

"हो," मी म्हणालो. "काकांनीच बांधलाय."

टोइंगवाल्यानं गाडी कुठे नेऊ विचारलं, तर ग्रॅहमच्या गॅरेजात, असं तिनंच सांगितलं. सोमवारी ती माझ्याबरोबर गॅरेजात आली. मी नको म्हणालो, तर म्हणाली, "मला त्यांना तोंडावर विचारायचंय."

मागचा दांडा वाकला होता म्हणून ग्रॅहमनं झाकण आधीच उतरवलं होतं. ते काकांच्या टेबलावर पडलं होतं, टिळा वर करून. काका दुसऱ्या गाडीखाली होते. बाहेर आले आणि आम्हाला बघून हात पुसायला लागले. मेघनानं त्यांना हात पुसू दिले नाहीत.

"काका, माझी मुलगी मागे बसली होती," ती म्हणाली. "तुमच्या भरवशावर बसवते मी तिला. सांगा, काय केलंत तुम्ही आत?"

काकांना काही कळेना. ते डिफपाशी गेले, वाकले, चष्मा कपाळावर नेला. अंगठा आत घालून त्यांनी एक डाग चाचपला, मग दुसरा, मग राहिलेले दोन. मग वर बघितलं ते माझ्याकडे. रागानं नव्हे. मी एखादी गोष्ट सांगतोय आणि आता पुढे काय होणार हे मीच सांगणार आहे, असं बघितलं.

"पोरीला लागलं का काही?" त्यांनी विचारलं.

"नाही," मेघना म्हणाली.

"बरं झालं."

ग्रॅहमनं विचारलं, हे तू केलंस का. काका म्हणाले, "नो." ग्रॅहमनं झाकणावरच्या टिळ्याकडे बोट केलं. काका म्हणाले, "येस. रेड माय. वेल्ड नॉट माय." ग्रॅहमनं कान खाजवला. तो वाईट माणूस नव्हता. काका मला मुलासारखं मानतात हे त्याला माहीत होतं, आणि मुलासारखा माणूस मागे लागला तर म्हातारा काय काय करून बसतो हेही त्याला वाटून गेलं असावं. तो माझ्याकडे वळला आणि विचारलं, या डिफला आणखी कुणी हात लावलाय का.

आयुष्यात मी हजारो थापा मारल्या. माशांची लांबी, पगाराचा आकडा, शिवनेरी किती मिनिटांत चढलो. त्या थापांनी कुणाच्या केसालाही धक्का लागला नाही. त्या सोमवारी मात्र मी शब्दन् शब्द खरं बोललो.

"डिफचं सगळं काम मी काकांकडेच दिलं होतं," मी म्हणालो.

काकांनी मान खाली घातली. एक वाक्य बोलले असते तरी पुरलं असतं: याला विचारा, यानं माझ्याकडे काय मागितलं होतं. मेघना शेजारी उभी होती. ते वाक्य त्यांनी तिच्यासमोर उच्चारलं नाही. फडकं उचललं, हात पुसले, घडी घातली.

ग्रॅहमनं त्यांना काढलं नाही. पण असलं काम माझ्या दारातून बाहेर गेलेलं मला चालणार नाही, असं म्हणून त्यानं त्यांना टायर बदलण्याच्या आणि तेल भरण्याच्या बाजूला लावलं. खिडकीखालचं टेबल दुसऱ्या एकाला मिळालं. त्यानं पहिल्याच दिवशी त्यावर आपला डबा उघडून जेवण केलं, असं मी ऐकलं. पाटी रंगवली गेली नाही. तीन आठवडे काकांनी टायर बदलले आणि एका शुक्रवारी शेंदराचा डबा पिशवीत घालून ते घरी गेले.

मेघनानं दोन मैत्रिणींना सांगितलं, तेही मुलांच्या काळजीनं. दोघींनी चौघींना. पुढच्या दसऱ्याला काका हॉलवर आले तेव्हा कुणी त्यांना गाडीखाली बघायला सांगितलं नाही. ते काकूंजवळ खुर्चीवर बसून राहिले. मी त्या दिवशी लिंबाची गोष्ट रंगवून सांगितली. लोक हसले. काकाही हसले, जरा उशिरा.

मी ती गाडी विकली. चंदेरी जपानी घेतली, पुढच्या चाकांवर चालणारी. मेघना म्हणाली, शहाणा झालास. ती हे वाचेल तेव्हा तिला खरं काय ते पहिल्यांदा कळेल.

पुढची दोन वर्षं मी काकांकडे आणि ग्रॅहमकडे जाऊन खरं सांगायचं म्हणत राहिलो. तोवर ग्रॅहम गॅरेज विकून ऑकलंडबाहेर गेला होता. कुठे गेला ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर कळलं असतं. काका पुकेकोहेत एका गुजराती शेतकऱ्याच्या शेडमध्ये ट्रॅक्टर आणि कांदे निवडायचं मशीन दुरुस्त करतात, हे मात्र मला कुणीतरी आपणहून सांगितलं, आणि मग न जायला कारण उरलं नाही.

शेडमध्ये कांद्याच्या सालींचा थर होता. काका एका उलट्या क्रेटवर बसून मशीनची साखळी जोडत होते. वय झालेलं दिसलं. मला बघून त्यांनी दुसरा क्रेट पायानं पुढे सरकवला, थर्मासमधला चहा झाकणात ओतून मला दिला, आणि विचारलं, "ईशा कितवीत आहे?" मी सांगितलं. "मराठी बोलते का?" "कळतं तिला. उत्तर इंग्रजीत देते." "देऊ दे. कळतंय ना."

काय बोलायचं याची मी मोटरवेवर तयारी करत आलो होतो, ते सगळं सांगितलं. त्यात डावा पट्टा होता, भाड्याचं मशीन होतं, उलटं ठेवलेलं झाकण होतं. काही वाढवलं नाही, काही रंगवलं नाही. असं बोलायची सवय नसल्यामुळे मध्येच दोनदा अडलो. स्पेलिंग तपासलेला तो कागदही सांगितला. शेवटी म्हणालो, "काका, ते वेल्डिंग मी केलं होतं."

काकांनी साखळीची कडी बसवली, बोटानं ओढून पाहिली.

"हे मला कशाला सांगतोस," ते म्हणाले. "मला माहीतच होतं."